वऱ्हाडातील बेघर आणि छपरानंतरचे काम

बेघर कोणाला म्हणायचे, हे भारतात जनगणना ठरवते. ज्या कुटुंबाचा मुक्काम कोणत्याही घरात किंवा इमारतीत नाही, जे रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, सिमेंटच्या पाइपात, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या ओट्यावर किंवा रेल्वेच्या फलाटावर उघड्यावर राहते, ते बेघर. झोपडपट्टीतले कुटुंब यात येत नाही. पत्र्याचे का होईना, त्याला घर आहे असे धरले जाते. २०११च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशात असे सुमारे १७ लाख ७३ हजार लोक आढळले. महाराष्ट्रात २ लाख १० हजारांहून अधिक, आणि त्यांतले १ लाख ११ हजार शहरांमधले.

एका रात्रीत केलेली ही मोजणी कमीच भरणार, हे उघड आहे. हटकले जाण्याच्या भीतीने रोज जागा बदलणारा माणूस प्रगणकाला सापडत नाही. वऱ्हाडात आणखी एक अडचण असते. फेब्रुवारीचा शेवट म्हणजे हरभरा सोंगणीचे दिवस. मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतली कोरकू कुटुंबे मजुरीसाठी सपाटीवर उतरतात आणि शेताच्या धुऱ्यावर, एखाद्या गोदामाच्या आडोशाला किंवा बांधकामाच्या जागी मुक्काम करतात. गावी त्यांचे घर आहे, म्हणून ती बेघर नाहीत; पण वर्षातले काही महिने त्यांच्या डोक्यावर काहीच नसते. कागदावरचे बेघर आणि प्रत्यक्षातले बेघर यांच्यातले अंतर इथून सुरू होते.

अमरावती आणि अकोल्यात उघड्यावर झोपणारे लोक एका प्रकारचे नाहीत आणि त्यांची कारणेही एक नाहीत. अकोला आणि बडनेरा ही दोन्ही जंक्शने मुंबई–हावडा या मुख्य मार्गावर आहेत. घरातून निघून गेलेला, भान हरपलेला एखादा माणूस हजार किलोमीटरवरून गाडीत बसून येतो आणि इथे उतरतो किंवा उतरवला जातो. त्याची भाषा बंगाली, उडिया, तेलुगू काहीही असू शकते. दुसरा मोठा गट रुग्णालयांभोवती असतो. अमरावतीचे इर्विन, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालय, स्त्रियांसाठीचे डफरीन आणि अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय यांच्या आवारात दूरच्या खेड्यांतून आलेले नातेवाईक आठवडेच्या आठवडे चटई टाकून राहतात. शिवाय असे रुग्णही असतात, ज्यांना सुट्टी मिळते पण न्यायला कोणी येत नाही. मुलांनी बाहेर काढलेले म्हातारे, नवऱ्याने टाकलेल्या बाया, रोज सकाळी मजूर नाक्यावर उभा राहणारा आणि रात्री दुकानाच्या पायरीवर पडणारा कामगार, पालावरची पारधी कुटुंबे, आणि दारूने घर मोडलेले पुरुष. यांतल्या प्रत्येकाला लागणारी मदत वेगळी आहे. सगळ्यांना एका खोलीत एकत्र झोपवले की प्रश्न सुटला, असे समजणारी योजना म्हणूनच फसते.

आसरा देण्याचे काम वऱ्हाडाला नवे नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी स्वतःसाठी घर बांधले नाही, पण पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी झालेली धर्मशाळा ही त्याच परंपरेतली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. त्यांचा संदेश म्हणून जी दशसूत्री सांगितली जाते, तिच्यात अन्न, पाणी, वस्त्र, शिक्षण, आसरा, औषधोपचार आणि रोजगार या गोष्टी एकापाठोपाठ येतात. बेघरांसाठी आज जे सरकारी मार्गदर्शक नियम आहेत, त्यांतही जवळपास हीच यादी आहे.

दुसरे उदाहरण अमरावतीच्या तपोवनाचे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी ही वसाहत सुरू केली. त्या काळी कुष्ठरोग झाला की आधी घर सुटे, मग गाव आणि मग देवळाबाहेरची भीक. पटवर्धनांनी उपचार दिले, राहायला घरे दिली, हाताला काम दिले. घर आणि रोजगार उपचाराइतकेच महत्त्वाचे मानले गेले, हे तपोवनाचे खरे वैशिष्ट्य. औषध देऊन रस्त्यावर परत पाठवलेल्या रुग्णाचे औषध फार काळ चालू राहत नाही.

बेघरांना निवारा ही दयेची नव्हे तर हक्काची बाब आहे, ही भूमिका न्यायालयातून आली. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले, जरी त्या लोकांना फुटपाथवर राहण्याचा हक्क दिला नाही. पुढचे वळण दिल्लीतल्या थंडीने आणले. डिसेंबर २००९मध्ये तिथला एक तात्पुरता रात्रनिवारा पाडण्यात आला. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांनी हे न्यायालयाच्या नजरेस आणले, आणि २०१०मध्ये न्यायालयाने आधी दिल्लीला व नंतर सर्व राज्यांना शहरी बेघरांसाठी पुरेसे निवारे उभारण्यास सांगितले. २०१३मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झाले आणि ‘नागरी बेघरांना निवारा’ हा त्याचा एक भाग ठरला. अंमलबजावणी तरीही रखडली, म्हणून २०१६मध्ये न्यायालयाने न्या. कैलास गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली पाहणीसाठी समिती नेमली.

या अभियानाने घालून दिलेला निकष सोपा आहे. शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची कायमस्वरूपी सोय हवी. एका केंद्रात ५० ते १०० माणसे, आणि प्रत्येकाला साधारण ५० चौरस फूट जागा. २०११च्या जनगणनेनुसार अमरावती शहराची लोकसंख्या ६ लाख ४७ हजार, अकोल्याची ४ लाख २६ हजार. म्हणजे आकड्यांच्या हिशेबाने अमरावतीला सुमारे ६५० आणि अकोल्याला सुमारे ४२५ जणांची व्यवस्था हवी. अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरची लोकसंख्याही एक लाखाच्या वर आहे, त्यामुळे तिथेही १०० जागांचे केंद्र अपेक्षित ठरते, ही गोष्ट सहसा विसरली जाते. पुरुष, स्त्रिया आणि कुटुंबे यांची सोय वेगवेगळी हवी; वृद्ध, मनोरुग्ण आणि आजारातून उठणारे यांच्यासाठी विशेष केंद्रे हवीत. केंद्र गावाबाहेर असून चालत नाही. जिथे बेघर लोक असतात तिथेच, म्हणजे स्टेशन, बसस्थानक, बाजार आणि रुग्णालयाच्या जवळ ते असावे, असे नियम सांगतात. हमालाला पहाटे माल उतरवायला जायचे असते. पाच किलोमीटरवरच्या स्वच्छ खोलीपेक्षा तो बाजारातली पायरीच पसंत करतो आणि त्याचे काही चुकत नाही.

खर्चाचा निकष मात्र हात आखडून ठरवलेला आहे. ५० जणांच्या केंद्राला चालवण्यासाठी वर्षाला ६ लाख रुपये, तेही पाच वर्षांसाठी. माणशी महिन्याला १,००० रुपये, दिवसाला साधारण ३३. त्यात व्यवस्थापक, पाळीपाळीने चोवीस तास हजर राहणारे काळजीवाहक, वीज, पाणी, चादरी-सतरंज्यांची धुलाई हे सगळे बसवायचे. कमावत्या रहिवाशाकडून त्याच्या उत्पन्नाच्या विसाव्या ते दहाव्या हिश्शाइतके शुल्क घेता येते. उरलेला भार देणगीदार आणि संस्था उचलतात. इमारत बांधणे नगरपालिकेला जमते, ती माणसांनी चालती ठेवणे जड जाते, याचे एक कारण या आकड्यात आहे.

वऱ्हाडाच्या दृष्टीने या चौकटीत एक मोठी उणीव आहे. न्यायालयाचे आदेश दिल्लीतल्या थंडीतून आले, आणि त्यामुळे प्रशासनाच्या मनात निवारा म्हटले की हिवाळा आणि रात्र येते. डिसेंबरात ब्लँकेट वाटप होते, फोटो निघतात. वऱ्हाडात जीव घेणारा ऋतू वैशाखाचा आहे आणि वेळ दुपारची. मे २०२४मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी महिनाअखेरपर्यंत जमावबंदीचे कलम १४४ लागू केले. कामगारांना पाणी, पंखे, सावली देण्याची जबाबदारी आस्थापनांवर टाकली आणि शिकवणी वर्ग दुपारी भरवू नयेत असे सांगितले. निर्णय योग्य होता. पण ज्याला मालक नाही आणि शिकवणीही नाही, तो अशा आदेशात कुठेच बसत नाही. रात्री आठला उघडणारे आणि सकाळी आठला रिकामे होणारे केंद्र अकोल्यात निम्म्याच कामाचे. नियमात चोवीस तासांचीच तरतूद आहे. ती इथे दुपारसाठी वापरायला हवी, आणि त्यासोबत कूलर, पिण्याचे पाणी आणि ओआरएसची पाकिटेही हवीत.

छप्पर मिळाल्यावर खरे काम सुरू होते. एखादा माणूस निवारा केंद्रात आला की त्याची नोंद होते, आरोग्य तपासणी होते, आणि मग प्रश्न येतो तो कागदांचा. रेशन, पेन्शन, बँक खाते, मोफत उपचार, शाळाप्रवेश, या प्रत्येक खिडकीवर पहिली मागणी ओळखपत्राची आणि पत्त्याची असते. उघड्यावर राहणाऱ्याची पिशवी चोरीला जाते, पावसात भिजते, अतिक्रमण हटवताना गाडीत टाकली जाते. कागद एकदा गेले की ते परत मिळवण्यासाठी दुसरे कागद लागतात.

या कोंडीतून वाटा आहेत, पण त्या माहीत असणारा माणूस बरोबर लागतो. मान्यताप्राप्त निवारागृहाचा प्रमुख ठरावीक नमुन्यात दाखला देऊ शकतो आणि त्या दाखल्यावर आधार नोंदणी होते. म्हणजे केंद्र हाच त्या माणसाचा पत्ता बनतो. मतदार यादीची पद्धत तर आणखी उदार आहे. बेघर व्यक्तीने अर्ज क्रमांक ६ भरला तर निवासाचा पुरावा मागितला जात नाही. अर्जात लिहिलेल्या जागी ती खरोखर झोपते की नाही, हे पाहायला मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री, एकाहून अधिक वेळा, तिथे जायचे असते. अमरावतीच्या राजकमल चौकातल्या दुकानाची पायरी हाही मतदाराचा पत्ता असू शकतो. नियम असा आहे, हे कित्येक कर्मचाऱ्यांनाही ठाऊक नसते.

सगळ्यात कठीण खिडकी पेन्शनची. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत ६५ वर्षांखालील निराधार, अपंग, विधवा, परित्यक्ता यांना आणि श्रावणबाळ योजनेत ६५ व त्यापुढील वृद्धांना दरमहा मदत मिळते; २०२३मध्ये ती १,००० वरून १,५०० रुपये झाली. बेघर माणसासाठी ही रक्कम मोठी आहे. पण अर्जदार किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा, वार्षिक उत्पन्न, अपंग वगळता, २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला असावा, वयाचा पुरावा असावा. ज्याचा १५ दिवसांचाही पत्ता नाही, त्याने १५ वर्षांचा आणायचा. इथे अडतो तो बहुधा मूळचा वऱ्हाडातलाच माणूस. त्याच्या जुन्या गावचा तलाठी, ग्रामसेवक, कधी शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर यांतून पुरावा निघतो. दर्यापूर किंवा मूर्तिजापूर तालुक्यातल्या गावी कोणीतरी जाऊन तो काढून आणावा लागतो. सेतू केंद्रात अर्ज भरून देणे हे या कामाचे शेवटचे टोक.

म्हणून निवारा केंद्रातला समूह संघटक किंवा काळजीवाहक हाच सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे. तो रात्री स्टेशनवर फिरतो, उठवून नाव-गाव विचारण्याआधी ‘बाबा, जेवले काय?’ असे विचारतो, दोन-चार रात्री नुसता भेटतो. आधी ज्यांनी हाकलले त्यांच्याच गणवेशाची आठवण असलेला माणूस पहिल्या रात्री सोबत येत नाही. सक्तीने आणलेला माणूस दुसऱ्या दिवशी निघून जातो. सक्तीचा मार्ग महाराष्ट्रात कायद्याने आजही उपलब्ध आहे. १९५९च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यानुसार भीक मागणाऱ्याला, किंवा पोटापाण्याचे दिसणारे साधन नसताना भीक मागून जगत असावा अशा अवस्थेत फिरणाऱ्यालाही, पकडता येते आणि पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये दिल्लीपुरत्या याच कायद्यातल्या प्रमुख तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या; महाराष्ट्रात त्या राहिल्या. एका हाताने निवारा देणारे आणि दुसऱ्या हाताने अटक करू शकणारे सरकार बेघराला एकच दिसते.

रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांसाठी कायदा मात्र स्पष्ट आहे आणि चांगला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम १००नुसार अशी व्यक्ती दिसल्यास तिला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीसाठी नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. ती बेघर असेल तर बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करून कुटुंबाचा शोध घ्यायचा असतो. राज्यात ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूर अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. वऱ्हाडातल्या रुग्णाला दाखल करायचे तर नागपूर. अंतर, सोबत जाणारा कर्मचारी, गाडीचा खर्च, या साध्या गोष्टींवर कायदा अडतो. उपचारानंतर घरी पोहोचवण्याचे काम काय असते, हे कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने दाखवले आहे. त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवाणी यांना या कामासाठी २०१८मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषधाने भान आले की रुग्ण गावाचे नाव सांगतो, तालुका सांगतो, आणि शोध सुरू होतो. वर्षानुवर्षे हरवलेला माणूस असा घरी परततो.

पण परतायला घरच नसलेल्यांचे काय? परतवाड्याजवळच्या वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर यांनी या प्रश्नाचे एक उत्तर दिले. बेवारस सापडलेल्या अंध, मूकबधिर, मतिमंद अशा १२३ मुलांना त्यांनी स्वतःचे नाव दिले. पित्याच्या रकान्यात ते नाव लागल्यामुळे मुलांचे कागद झाले, आणि कागदांमुळे शिक्षण, नोकरी, लग्न शक्य झाले. २०२४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची जुनी मागणी आजही महत्त्वाची आहे: बालगृहातले मूल १८ वर्षांचे झाले की त्याला संस्था सोडावी लागते, आणि बेवारस अपंग मुलासाठी तो दिवस बेघर होण्याचा दिवस असतो; म्हणून अशांना आयुष्यभर तिथेच राहू देणारा कायदा व्हावा.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा येथील ‘प्रश्नचिन्ह’ आश्रमशाळेची गोष्ट याच्या उलट बाजूची. फासेपारधी समाजातले शिक्षक मतीन भोसले यांनी शहरांत सिग्नलवर आणि स्टेशनांवर भीक मागणाऱ्या मुलांसाठी ही शाळा २०१२ साली उभी केली. २०१९मध्ये समृद्धी महामार्गाच्या कामात तिचा काही भाग पाडला गेला. उघड्यावरून छताखाली आणलेल्या मुलांना दुसऱ्यांदा हलवण्याची वेळ आली. विकासकामात घर गेलेल्याला भरपाई मिळते ती जमिनीच्या कागदावर, आणि पारध्यांच्या हाती तो कागद क्वचितच असतो.

शहरात उघड्यावर कोणी आजारी किंवा संकटात दिसले तर पोलिसांसाठी ११२, लहान मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक त्रासासाठी १४४१६ हे क्रमांक आहेत. घरातून काढलेल्या वृद्ध आईवडिलांना २००७च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करून मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो, आणि त्यासाठी वकील लागत नाही.

राहिला प्रश्न कायमच्या घराचा. फिनलंडने २००८पासून असे धोरण घेतले की आधी भाड्याचे घर द्यायचे आणि दारू, आजार, बेकारी यांवरचे उपाय त्यानंतर. निवारागृहांचेच छोट्या सदनिकांत रूपांतर करण्यात आले. आपल्याकडे क्रम उलटा आहे. पंतप्रधान आवास योजनेतून घरकुल मिळवायचे तर बहुतेक वेळा स्वतःची जागा लागते. भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आणि ग्रामीण भागात घरकुलाच्या जागेसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अनुदान योजना आहे, पण दोन्हींत लाभार्थी कुठल्या तरी गावचा रहिवासी ठरावा लागतो. शहरी बेघराला लागू पडेल अशी तरतूद आता कुठे आली आहे. २०२४मध्ये सुरू झालेल्या आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा घटक आहे आणि त्याच्या लाभार्थ्यांत स्थलांतरित कामगारांबरोबर बेघर आणि निराधार यांचाही उल्लेख आहे. बाजारात हमाली करणारा किंवा रुग्णालयात सफाईचे काम करणारा माणूस रोज कमावतो. त्याला फुकट घर नको असते, अनामत रक्कम आणि ओळखीचा जामीनदार न मागणारी खोली हवी असते. अशा खोल्या अमरावती-अकोल्यात बांधायच्या की रिकाम्या सरकारी इमारती त्यासाठी वापरायच्या, हे दोन्ही महापालिकांनी ठरवायचे आहे. ज्यांना कमावता येत नाही, त्यांच्यासाठी मात्र निवारा केंद्रातली पाच वर्षांच्या निधीवरची जागा हीच अजून शेवटची पायरी आहे.